शीग

सॉल्टपाँडच्या शाळेत मी काचेची भांडी धुतो.
बावीस वर्षं झाली. तासाआधी समुद्राकडची खिडकी लावून घेतो,
नाहीतर तराजूचा काटा वाऱ्याचंच वजन सांगतो.

डाडझी बाईंचा पहिला तास दरसाल तोच.
फळ्यावर ‘सात’ लिहितात आणि विचारतात, सात काय?
सात मासे, म्हणतो मागच्या बाकावरचा फीफी.
सात शिंका. सात सेदी. सात सावत्र भाऊ.
हसून होऊ देतात बाई, मग म्हणतात,
एककाशिवाय आकडा म्हणजे
नाव न सांगता दार ठोठावणारा माणूस.

मग सगळ्यांना गुडघ्यांवर बसवतात,
मोजपात्रासमोर, डोळा पाण्याच्या रेषेत.
उभ्यानं वाचलं तर पाणी वाढतं,
फार वाकलं तर घटतं.
कडेनं पाणी काचेला बिलगतं, मध्ये खोल जातं;
तो खोलगट तळ वाचायचा.

अराबा म्हणाली, आमच्याकडे उलटं आहे.
आई शीग मोजते.

तिची आई बाजारात गारी विकते, कसाव्याचा भाजका रवा,
ओलोंकाच्या मापानं. म्हणजे टिनाचा डबा,
काठोकाठ भरला की ओंजळीनं वर आणखी,
डोंगर घसरायला लागेपर्यंत.
तो घसरला की गिऱ्हाईक म्हणतं, पुरे.

दुसऱ्या दिवशी अराबानं तो डबाच आणला,
वर्तमानपत्रात गुंडाळून.
तळ आत चेपलेला.
ठोकला की पडला, मी विचारलं नाही.
मापात पाप असतं म्हणतात,
पण पोचा कुणी पाडला ते माप सांगत नाही.

तिनं पाणी ओतलं, पुसलं, पुन्हा ओतलं.
२५१०. २५३०. २५२०. २५००. २५४०.
मिलिलिटर, मिलिलिटर, प्रत्येकापुढे, न विसरता.
डबा एकच, पाणी एकाच नळाचं,
तरी पाच उत्तरं. ती रडकुंडीला आली.
बाई म्हणाल्या, पाचही सारखी आली असती
तर मी तुला विचारलं असतं, बघितलंस कुणाच्या वहीत?

बेरीज तिनं हातचा बोटावर धरून केली. सरासरी २५२०.
शेजारच्या एकुवाचा डबा न चेपलेला: २७००.
पण एकुवा वरून पट्टी फिरवते, सपाट, शीग नाही.
फरक एकशे ऐंशी.

आता शीग.
गारी भरली, डोंगर केला, पट्टीनं कागदावर उतरवला,
मोजपात्रात ओतला. तीनदा.
गणकयंत्र म्हणालं १६८.३३३३३३
आणि तिनं सगळे तीन इमानदारीनं उतरवून घेतले.
बाईंनी लाल पेन काढलं.
यांना कुणी बोलावलं?
तुझ्या आईचा हात इतका बारीक मोजतो?
उरलं एकशे सत्तर,
वीस इकडे किंवा वीस तिकडे.

फीफीनं सगळ्यांच्या मनातलं विचारलं:
मग अराबाची आई फसवते का?

पंखा फिरत होता. बाई काही बोलल्या नाहीत.
अराबा आकड्यांकडे बघत राहिली, खूप वेळ,
गुडघ्यांवर नसूनही बसल्यासारखी.
मग म्हणाली, सांगता येत नाही.
एवढ्या मापावरून तरी नाही.
आणि तेच वाक्य, खाली रेघ मारून, निष्कर्षात लिहिलं.

संध्याकाळी मी तो डबाही धुतला.
सांधीत जुनी गारी बसली होती, नखानं काढली.
तेवढं माप कुणाच्याच हिशोबात नव्हतं.

शनिवारी बाजारात गेलो.
आईनं डबा भरला, वर ओंजळ, वर आणखी.
मागे अराबा खाली बसलेली,
डोळा बरोबर शिगेच्या टोकाशी.
आणखी? आईनं विचारलं.
डोंगर अजून घसरला नव्हता.
मी म्हटलं, पुरे.