मधला कट

घणसोलीच्या शाळेतला बाक सातवीच्या पोरांच्या मापाचा.
गुडघे आत जाईनात, तिरका बसलो.
ऑपरेटर ग्रेड दोन. पन्नास प्रश्न, एक तास.
गोल काळ्या बॉलपेनने पूर्ण भरावा.
शाई गोलाबाहेर जाऊ नये.

शेजारी आयटीआयची पोर, आश्लेषा केणी,
दहा मिनिटांत पान उलटून मोकळी.
मी अजून कापरावर.
कापूर आणि वाळू: संप्लवन.
शब्द जड, गोष्ट घरचीच.
आई डबीत कापरासोबत चार मिरी टाकायची,
उडू नये म्हणून.
मिरी हा पर्याय नव्हता.

प्रश्न अकरा. समुद्राच्या पाण्यातून मीठ.
बाष्पीभवन, ब. भरला गोल.
बाबा असते तर पेन धरून म्हणाले असते,
ऊन कवापन हाय रं, मीठ वाऱ्यानं पिकतं.
खाडीकडची आमची आगरं आता सेक्टर आहेत,
तिथे वारा अजून येतो
आणि वाळत घातलेले टॉवेल घेऊन जातो.

तेल व पाणी: विलगकारी नरसाळे.
हा प्रश्न मी दोनदा वाचला.
हसुराम आणि मी एका डब्यात जेवायचो,
साडेबारा टक्क्यांचा प्लॉट हातात येईपर्यंत.
तोटी कुणी उघडली, आठवत नाही.
जड होता तो खाली गेला म्हणतात.
वर राहिलो तो मी, की तो?

मग चौतिसावा.
एकमेकांत मिसळणारे दोन द्रव, उत्कलनांक जवळजवळ.
भागशः ऊर्ध्वपातन, ड. डोळे मिटून.
बावीस वर्षं रबाळ्यात तेच करतोय.
पासष्टला मेथॅनॉल, ब्याऐंशीला आयपीए,
काटा बघायच्या आधी नाकाला कळतं.
पण पासष्ट सुटल्यावर आणि ब्याऐंशी लागायच्या आत
कॉलमच्या डोक्यावरून जे उतरतं,
ना धड हे, ना धड ते,
त्याला आम्ही मधला कट म्हणतो.
निळ्या पट्ट्याचा ड्रम. फेकत नाही, विकत नाही.
पुढच्या बॅचला पुन्हा आत ओततो,
पुन्हा तेवढाच उरतो.
अ, ब, क, ड. पेपरात त्याला गोल नाही.

सर म्हणाले, मढवी, पाच मिनिटं.
सत्तेचाळीस कोरा राहिला. क्रोमॅटोग्राफी.
काळ्या शाईतले रंग वेगळे करण्यासाठी असं काहीतरी,
चार पर्याय, चारही अनोळखी.
आश्लेषा बाहेर मैत्रिणींशी उत्तरं जुळवत होती,
मी थांबलो नाही, तीनची पाळी होती.

प्लांटवर गेल्यावर दिसलं, अंगठ्याला शाई.
कॉटन वेस्टवर थोडं ॲसिटोन घेऊन पुसली.
काळा डाग सरकला, पसरला,
कडेला जांभळा झाला, आत निळा,
एक बारीक गुलाबी रेघ नखापाशी.

कॉलम तापत होता. काटा एकसष्टवर.
मी अंगठा दिव्याखाली धरून उभा राहिलो,
सुकेपर्यंत.