आठवडा नावाची फाइल

हिल्क्काचा अंगठा फोन ओळखत नाही.
पस्तीस वर्षं विटा आणि चुना,
रेषाच उरल्या नाहीत त्यावर. आकडे ती विसरते.
कुलूप उघडून देतो यालो, हाताखालचा शिकाऊ पोरगा.

ओउलूतला नोव्हेंबर. दुपारी साडेतीनला
रात्र खिडकीशी येऊन बसलेली.

ती घर तापवणाऱ्या भट्ट्या बांधते, पार छतापर्यंत.
कुठल्या थराला किती विटा, किती दिवस सुकवायचं,
सगळं तोंडपाठ. निसटतं ते बाकीचं:
बिलं, दातांचा डॉक्टर, कुणाला दिलेला शब्द.

म्हणून यालोनं ॲप घालून दिलं.
रंगीत पत्ते, एका खान्यातून दुसऱ्यात सरकवायचे.
मंगळवारभर ती पत्तेच सरकवत बसली,
भट्टीचा कोपरा वाकडा गेला.
दुसऱ्यात रोजची एक ज्योत, दिवस चुकला की विझणारी.
"जन्म आगीपाशी गेलाय माझा,
चित्रातल्या आगीचा धाक घालू नकोस."
तिसऱ्यानं विचारलं, पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल?
ती म्हणाली, आधी गुडघ्यांना विचार.
चौथ्याला दरमहा पैसे हवे होते, आणखी एकाला
तिची झोप, तिची पावलं.
नाकापेक्षा मोती जड.

पण खरं घोडं अडलं एका ओळीपाशी.
तेल्लेर्वोला फोन करणे.
प्रत्येक ॲपमध्ये ती ओळ पहिल्याच दिवशी लिहिली,
आणि प्रत्येकानं ती लाल केली.
सहा दिवस उशीर. एकोणीस दिवस उशीर.
जसं काही आईच्या घराची वाटणी
आणि स्वयंपाकघरात बहिणीला बोललेलं ते वाक्य
याच महिन्यातलं होतं.

मग फोनसोबत आलेली साधी वही तिनं उघडली.
रंग नाही, घंटा नाही, शाबासकी नाही.
पांढरं पान, त्यावर लुकलुकणारी एक उभी रेघ,
हातोडी उचलून थबकलेल्या माणसासारखी.
नाव दिलं: आठवडा.
सात ओळी. एका वाराला एकच काम.
आठवं सुचलं तर सुचू दे.
आणि एक नियम, यालोला न पटलेला:
राहिलेलं काम उचलून पुढे चिकटवायचं नाही.
न्यायचंच असेल तर अक्षर अक्षर पुन्हा टाइप करायचं.
"कॉपी असते की," तो म्हणाला.
"वीट होते का कॉपी?"

बरंच गळून गेलं त्यानं.
गॅरेज आवरणं दोन रविवार टिकलं,
तिसऱ्याला लिहायचाच कंटाळा आला.
जर्मन शिकणं एकदाच.
दातांचा डॉक्टर महिनाभर टिकला,
मग दाढच गेली.

आणि दर रविवारी, गुरुवारच्या जागी,
तेल्लेर्वोला फोन करणे.
पुढे, तेल्लेर्वोला फोन.
पुढे नुसतं, तेल्लेर्वो.
फिनिशमध्ये आठ अक्षरं, मधले दोन ल एकमेकांना खेटून.
क्रियापद झिजून गेलं.

वार म्हणजे दिवस आणि वार म्हणजे घाव,
ही सोय माझ्या भाषेत आहे, तिच्या नाही.
तिला ते बोटानंच कळलं असावं.

आज गुरुवार. परक्या घरात नव्या भट्टीची पहिली आग,
मूठभर काटक्यांची, विटांना सवय व्हावी म्हणून.
धूर आधी खोलीत डोकावतो, विचार करतो,
मग वर जातो.
ती फोन पुढे करते, यालो कुलूप उघडतो,
आणि पान समोरच असतं.
"हे कसलं काम?"
"अजून ठरलं नाही."

तो क्षणभर उभा राहतो.
मग गाडीतून वाळू आणायला जातो,
जी कुणी मागितलेली नसते.

स्क्रीन विझायला अर्धा मिनिट लागतो.
विझू लागली की ती बोट टेकवते.
पुन्हा टेकवते.