परतीचा रकाना

डेव्हन बेटावर जुलैत सूर्य मावळायचं विसरतो,
आणि हे लोक दिवसाला दिवस म्हणत नाहीत, ‘सोल’ म्हणतात,
पदरची चाळीस मिनिटं घालून.
माझं काम साधं : बंदूक, दुर्बीण, थर्मास.
ते मंगळावर असतात, मी अस्वलांवर नजर ठेवते.
मंगळावर अस्वलं नाहीत,
म्हणून फोटोच्या वेळी मला खडकामागे बसवतात.
बसते. थंडी खडकामागेही तेवढीच.

काल सहाजण घुमटासारख्या टोप्या चढवून
विवराच्या कडेला दगड वेचत होते,
आणि उत्तरेकडून अस्वलीण आली,
पिवळट, निवांत, मागे एक पिल्लू.
मी रेडिओवर ओरडले.
नियम असा, की प्रत्येक निरोप वीस मिनिटं मुरवायचा,
पुरून ठेवलेल्या वॉलरसच्या मांसासारखा,
मगच पोचवायचा.
मी हवेत गोळी झाडली.
गोळीला नियम माहीत नव्हता.
अस्वलीण गेली.
ते परत येऊन सूपाला बसले तेव्हा
माझा निरोप शिस्तीत हजर झाला : “पळा!”
सगळे हसले. मीही.

रात्री (घड्याळातल्या रात्री) हान्नेके यादी घेऊन आली.
हान्नेके चांगली आहे, चहात साखर विचारून घालते.
“एवा, तू बघ ना, काय राहिलंय?”
पंधरा पानं.
माणशी पाणी, माणशी हवा, मोज्यांचं वजन,
कुणी मेलं तर काय, त्यालाही एक ओळ.
मी म्हटलं, सुया.
आहेत की, शस्त्रक्रियेच्या.
त्या नव्हेत गं. कातडं शिवायच्या.
हातमोजा फाटला की माणूस बोटापासून मरायला लागतो.
तिनं लिहिलं : सुया, चार ग्रॅम.

मग मी शेवटचा रकाना पाहिला.
परतीचं इंधन : पुढच्या टप्प्यात ठरवू.

माझी आई इनुकजुआकची. सात वर्षांची होती
जेव्हा साहेबांनी तिच्या बापाला बोटीवर चढवताना सांगितलं,
उत्तरेला शिकार भरपूर,
नाही रुचलं तर दोन वर्षांनी आणून सोडू.
यादी त्यांच्याकडेही असणारच.
यादीवाचून साहेब बोट हलवत नाहीत.
तंबू किती, कुत्री किती, माणसं किती.
तिकडे नोव्हेंबरात गेलेला सूर्य
थेट फेब्रुवारीत उगवतो, हे कुणी लिहिलं नव्हतं.
आईला वाटलं, मेला.
तिनं बापाला विचारलं, आपण काय केलं?

ती दोन वर्षं अजून संपायचीत.
माझा जन्म त्याच दोन वर्षांतला,
माझ्या मुलाचाही.

हे मी चढ्या आवाजात नाही सांगितलं,
चहा ओतता ओतता सांगितलं.
हान्नेके बराच वेळ कपाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.
मग म्हणाली, “पण आमचे लोक स्वतःहून जाणार आहेत, एवा.”
खरंय. फरक मोठा आहे. मी मान हलवली.
तिकडे जो जन्मेल त्याचं काय,
हे ओठांवर आलं होतं. तेवढ्यात स्टोव्ह विझला
आणि आम्ही दोघी काडेपेटी शोधू लागलो.
जाताना तिनं त्या रकान्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढली.
रेघेला वजन नसतं,
ती कुठल्याही यानात मावते.

आज धुकं आहे. सहा गेलेत.
मी खडकामागे, कुणाच्याच फोटोत नाही.
धुक्यातून एक टोपी येते, तिच्यामागे दोन,
मग गाडी ढकलत आणखी दोन.
पाच.
मी थर्मासचं झाकण लावते, उठते.
रेडिओ खडकावरच राहू देते.
बंदूक खांद्याला, हात तोंडाशी,
आणि सहाव्याला
त्याच्या घरच्या नावानं हाक मारते.