नियम अकरावा

वहीचं पहिलं पान शिवणीतून सुटून कुठंतरी गेलं,
त्यामुळे आमच्या लीगचे नियम चारपासून सुरू होतात.
एक ते तीन सगळ्यांना तोंडपाठ आहेत
आणि प्रत्येकाचे वेगळे आहेत.

टॉवेल कारखान्यांच्या आठ टीम.
शुक्रवारी लूम बंद, म्हणून शुक्रवारी मॅच.
मैदान अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या मागं,
लेग साइडला डाईंगवाल्यांचं गटार,
एक दिवस निळं, एक दिवस गुलाबी.
चौथा नियम त्याच्यासाठीच आहे:
गटारात गेला की दोन धावा.
काढणाऱ्याला चहा बॅटिंगवाल्यांनी पाजायचा.
बॉल रंगला तर रंगू द्यायचा, बदलून मिळणार नाही.

पाचवा: पायचीत नाही.
कारण अंपायर बॅटिंगवाल्यांतलाच असतो,
आणि मेहुण्यानं मेहुण्याला आऊट दिलं
तर रात्री ताटात नुसती कडक भाकरी येते, चटणीसुद्धा नाही.
बसवराज तोळणुरेला विचारा.

सहाव्यात पाणी.
गल्लीत नळ आला असा घरून फोन आला तर
खेळाडूनं बॅट ठेवून जावं, घागरी भराव्यात,
परत येऊन पुढं खेळावं.
इसाक नदाफ सत्तेचाळीसवर असताना गेला.
त्या दिवशी पाणी आलं रात्री साडेआठला.
वहीत तो अजून नाबाद आहे.

सातवा खोडलाय.

आठवा: भांडण चारही भाषांत चालेल,
फक्त शिवी अंपायरला कळणाऱ्या भाषेत नको.
नववा मी विसरतो नेहमी, चपलांबद्दल काहीतरी आहे.
दहावा: मार्चनंतर, बारा वाजून गेले की ओव्हर पाच बॉलची.
सहावा ऊन टाकतं.

आणि अकरावा. अक्षर माझंच, शाई वेगळी.
झेल घेतला की नाही, हे घेणाऱ्यानंच सांगायचं.
त्याचा शब्द शेवटचा.

नवी पोरं हसतात. इतका विश्वास कुणावर ठेवलाव काका?
मी म्हणतो, नियम आहे बे, वाच आणि खेळायला जा.

अंबादास गुंडेटीचं नाव त्यांना माहीत नाही.
फायनल होती. तीन बॉल, चार धावा.
त्यानं उचलून मारला तो थेट माझ्याकडं आला
आणि मी पालथा पडलो.
बॉल आधी जमिनीला लागला.
हे दिसलं नाही, कळलं,
नखाखाली माती शिरली तेव्हा.
मी हात वर केला.

अंपायर लांब होता, डोळ्यांवर ऊन.
आमची पोरं तोवर माझ्या अंगावर होती.
त्यांच्या खांद्यांमधून मला अंबादास दिसला:
धोट्यातली कांडी बघावी तसा बघत होता,
किती सूत उरलंय, किती वेळ चालेल.
मग बॅट बगलेत मारून चालू लागला.

एकाच खात्यात होतो आम्ही, समोरासमोरच्या लूमवर.
शनिवारी सकाळी तेवढंच बोलला,
"दोरा तुटलाय बे तुझा, बघ."
दिवाळीनंतर भिवंडीला गेला.

सातवा नियम असा होता:
झेलाबद्दल शंका असेल तर बॅट्समन नाबाद.
त्याच संध्याकाळी तो मी खोडला, कप शेजारी ठेवून.
शंका कुणाला होती?
अंबादासला नव्हती.
मला तर नव्हतीच.

अकरावा लिहायला पुढं दोन वर्षं लागली.
कमिटीत म्हणाले, पोरं खोटं बोलतील.
बोलतात की. यंदा दोनदा बोलली.
मी झेल लिहिला, नाव लिहिलं,
रकाना रिकामा ठेवता येत नाही.
फक्त बॉल उंच गेला की
सगळं मैदान वर बघतं
आणि मी खाली, हातांकडं.

"काका, कुठं बघलालाव? लिवा की!"
लेग साइडला कुणीतरी गुडघाभर उतरलंय,
आज गुलाबी.
दोन लिहितो.