मधली बाई

ट्रंक एक्स्चेंजमध्ये अठ्ठावीस वर्षं
मी मधली बाई होते.
पुणे आणि बाकीचं जग यांच्यामध्ये
एक दोरी, एक भोक आणि माझा कान.
"तीन मिनिटं झाली, वाढवायची का?"
एवढंच बोलायचा अधिकार.
ऐकायला मात्र कोणी अडवलं नव्हतं.

कोणाची सोयरीक इस्लामपुरात मोडली,
मिरजेच्या डॉक्टरनं खरं काय ते कोणाला सांगितलं,
उद्या गूळ चढणार की उतरणार,
सगळं माझ्यातून गेलं.
बाहेर एक शब्द सांडला नाही.
गावाची गुपितं तेव्हा
माझ्या तोंडाच्या कुलपावर टिकून होती,
आणि कुलपाला पगार होता
महिना सातशे चाळीस, रात्रपाळीचे वेगळे.

परवा शाल्मली आली. भाचीची मुलगी, खराडीला असते.
म्हणाली, आजी, आता मध्ये कुणी बसलं
तरी त्याला नुसती खरखर ऐकू येते.
समज, बोहरी आळीतून तू शंभर कुलपं आणलीस,
सगळ्यांना किल्ली एकच, ती तुझ्या कनवटीला.
कुलपं उघडीच वाटून टाकलीस,
दूधवाल्याला, सोसायटीच्या सेक्रेटरीला,
चोराला सुद्धा दे, बिघडत नाही.
तुला काही कळवायचं त्यानं
चिठ्ठी डब्यात घालायची, तुझं कुलूप दाबायचं.
एकदा खटका पडला
की लिहिणाऱ्यालाही ते परत उघडत नाही.

आणि हे कुलूप पितळेचं नसतं, गुणाकाराचं असतं.
माझा टोकन नंबर सदुसष्ट, फिलोमिनाचा त्र्याऐंशी.
दोन्ही हट्टी आकडे, दुसऱ्या कोणाच्या पाढ्यात न येणारे.
गुणले: पाच हजार पाचशे एकसष्ट.
हा चौकात फळ्यावर लिही, हरकत नाही.
आता उलटी ये. कोणत्या दोघी?
मी विजेच्या बिलामागे सातानं भागून पाहिलं,
अकरानं, तेरानं, सतरानं.
चहावर साय धरली.
शाल्मली हसली. या जातीच्या खऱ्या कुलपात
एकेक आकडा तीनशे अंकांचा.
सगळ्या जगाची यंत्रं जुंप,
चहा गारच होणार.

पण जुनी खोड.
म्हटलं, मी मध्ये असते ना,
तर कुलूप फोडायच्या भानगडीत पडलेच नसते.
फिलोमिनाच्या हाती माझंच कुलूप ठेवलं असतं,
"हे घ्या, तुमच्या मैत्रिणीचं."
तिनं विश्वासानं लावलं असतं,
मी उघडून, वाचून,
खरं कुलूप घालून पुढे धाडलं असतं.
शाल्मली जरा वेळ बोलली नाही.
मग म्हणाली, त्यासाठीच ॲपमध्ये ते साठ आकडे असतात.
समोरासमोर बसून ताडायचे.

म्हणून रविवारी क्वार्टर गेटला उतरले.
फिलोमिनाचे गुडघे गेलेत, आवाज नाही गेला.
"फोर वन सेव्हन डबल थ्री."
"करेक्ट. नेक्स्ट?"
बारा गट, पाच-पाचचे,
हेडसेट नसलेल्या दोन म्हाताऱ्या,
आणि मध्ये केळ्याच्या वेफर्सची बशी.
शेवटचा गट जुळला तेव्हा
तिनं सवयीनं म्हटलं, "थ्रू."

घरी आल्यावर फोन घेऊन बसले.
त्र्याऐंशी सालच्या एका रात्री
तिच्या नवऱ्यानं बेळगावला लावलेला कॉल
माझ्याच बोर्डावर होता.
तीन मिनिटं, मग आणखी तीन, मग आणखी तीन.
वाढवायची का, विचारताना
माझा आवाज हलला होता, त्याला कळलं नाही.
तो गेला त्याला सात वर्षं झाली.

आता मध्ये कुणीच नाही.
सगळं टाइप केलं, बेळगाव, बाईचं नाव, सगळं.
वाट पक्की आहे, मला पटलंय.
पण वाट संपते तिथं कुलूप उघडतं,
आणि तिथं फिलोमिना एकटी असणार,
गुडघ्यांवर तेलाचा हात, चष्मा कपाळावर.

पुसलं.
लिहिलं: पोचले गं. बस लगेच मिळाली.
त्यालाही तेवढंच जाड कुलूप लागलं.