पाऊण तास उशिरा

पहिल्या दिवशी मी बादली घेऊन उभाच राहिलो.
सकाळी या दगडापर्यंत पाणी होतं,
माझ्या चपला भिजल्या होत्या.
दुपारी नमुना घ्यायला आलो तर नुसता चिखल,
त्यात कलंडलेल्या होड्या,
आणि वाकून तिसऱ्या वेचणाऱ्या तीन बाया,
काही घडलंच नाही अशा.

मी सरोवराकाठचा. आमचं पाणी जागचं हलत नाही.
लाटा येतात, वादळं येतात, माणसंही नेतं ते,
पण उठून घर सोडून जात नाही.
रात्री आईला फोनवर सांगितलं.
न्खाता बेहून ती ओरडली,
"गेलं? सगळं? कुणी नेलं?"

तेव्हापासून दर रविवारी
तब्येतीच्या आधी, फीच्या आधी ती विचारते:
पाणी परत आलं का?

इथे मला कोणी 'कसा आहेस' विचारत नाही.
जेवलास काय, विचारतात.
सकाळी सातला, एसटीच्या दारात,
झेरॉक्सवाला पासपोर्टची पानं उलटताना.
पहिला आठवडा मी खरं सांगत राहिलो,
नाही जेवलो.
त्यामुळे तीन घरी जेवलो.
चौथ्या घरी खोली मागायला गेलो होतो.
"आत्ताच दिली," ते म्हणाले.
कुलपावर गंज होता.

मग सफूरा सोलकर. वरची खोली, भाडं अडीच हजार,
अट एकच: गच्चीवर सुकत घातलेली मांदेली
मांजरांपासून राखायची.
त्या रात्री खिडकीतून तो वास आत आला
आणि मी तीन आठवड्यांत पहिल्यांदा
उशी न उलटता झोपलो.
आमच्याकडे सुकवतात त्या माशाला उसिपा म्हणतात.
वासाला काय म्हणायचं
ते दोन्हीकडे कोणी ठरवलेलं नाही.

वर्गात भरतीचा तक्ता शिकवला, आकडे, आलेख.
मयेकर तांडेलांनी जाळं सांधता सांधता
बोटांवर शिकवला:
तिथी धर, तिची पाऊणपट कर, तेवढे वाजता भरती.
अष्टमीला?
सहा.
"पास," ते म्हणाले, आणि विडी पुढे केली.
मला आता तारीख विचारू नका. आज दशमी आहे,
साडेसात.

हसणारेही आहेत. स्टँडवरची पोरं
माझ्या केसांवरून पैज लावतात.
एकाने विचारलं, तुमच्यात सिंह घरात येतात काय?
म्हटलं, तुमच्यात बिबट्या येतो ना गोठ्यात?
तो गप्प झाला. मग म्हणाला,
माझ्या मामाचंच वासरू नेलंन.
हल्ली तो गाडीत माझ्यासाठी जागा धरतो,
रुमाल टाकून, खिडकीची.

परवा निघताना म्हटलं, भाभी, जातो.
तांदूळ निवडणारा तिचा हात थांबला.
जातो नाही. येतो म्हण.
पण मी जातोय.
तरी येतो.
भिंतीवर तिचा नवरा, कतारमध्ये,
कुणाच्या तरी गाडीला टेकून.
तोही येतो म्हणूनच गेला, अकरा वर्षं झाली.
दोन वर्षांतून चाळीस दिवस असतो,
त्यातले दहा
मुलीला ओळख पटण्यात जातात.
एवढं सांगून तिने सूप पाखडलं.
मी पायरीवर तसाच. शेवटी म्हटलं, येतो,
आणि एसटी चुकली.

काल रविवार. आईने विचारलं.
म्हटलं, आलं. रोज येतं.
फक्त आदल्या दिवसापेक्षा पाऊण तास उशिरा.
ती खूप वेळ हसली.
म्हणाली, त्याला कोणीतरी घड्याळ घेऊन द्या.
तिच्या मागे आमचं पाणी ऐकू येत होतं,
जागच्या जागी.

ठेवताना तोंडातून मराठीच निघालं, येतो.
तिने विचारलं, काय म्हणालास?
सांगणार होतो,
पण गच्चीवर मांजर चढलं होतं.