मुनीम

घोरणं थांबलं की आम्ही जागे होतो.
आज अडीचला थांबलं.
लाइट गेलेली, कूलरची पाती
शेवटचा वळसा घेऊन उभी.

ग्वाल्हेरचा मे. भिंतीला हात लावला
तर भिंत अजून दुपारीच.

मुनीम मोरीतल्या फरशीवर,
चार पाय चार दिशांना, जीभ बाहेर.
नाक म्हणजे नुसत्या दोन चिरा.
कुणा शौकिनांना असा चेहरा आवडला,
पिढ्यान्‌पिढ्या आत दाबत आणला,
श्वासाला जागा ठेवायची राहून गेली.

निनादने महिनाभर सांभाळ म्हणून ठेवला,
तीन वर्षं झाली.
अण्णा तेव्हा म्हणाले, पगडी घाला याला,
सराफ्यातला मुनीम दिसेल,
थोबाडावरच उधारी लिहिलीये.
नाव तेवढं दिलं. हात लावला नाही.

पहाटे सव्वापाचला जीवाजीगंजात
तो रस्त्याच्या मधोमध बसतो.
मागे ई-रिक्षा कोकलतात.
मीही म्हणायचे, हट्टी आहे मेला.
नंतर कळलं,
पुढच्या वीस पावलांचा दम
तो आधी जमा करत असतो.

तोंडावरच्या घड्या रोज पुसायच्या,
पुसून कोरड्या करायच्या, शेपटीखालचीसुद्धा.
आईच्या चंदेरी साड्यांच्या घड्या
मी वर्षातून एकदा मोडते,
नाहीतर तिथेच विरतात.
ह्याच्या रोज.

बर्फ नको, म्हणाले होते डॉक्टर कुशवाह,
साधं पाणी. पोट, काखा, पंजे.
आणि वारा घाला.

हाताला लागला तो पंचा भिजवला,
अण्णांचाच होता.
वळले तर अण्णा दारात,
हातात बांबूचा पंखा,
सदऱ्याच्या खिशात दम्याचा पंप.
गुडघे कुरकुरले, पण बसले खाली.
चार वारे त्याला,
मग थांबून एक झुरका स्वतःला.
'हिशेब चुकतोय तुझा मुनीम.
घे पुन्हा पहिल्यापासून.'

त्याने एक डोळा उघडला, लाल,
आणि पुन्हा मिटला.

लाइट आली चारला दहा कमी असताना.
आधी कूलर खडखडला, मग मुनीम घोरला,
मग तिथेच चटईवर अण्णाही.
वेगवेगळ्या सुरांत. एकमेकांना न जुमानता.

मी दोघांच्या मधे, उंबऱ्यावर.
पंचा सुकत आला होता.
पुन्हा भिजवला.